व्यावसायिक वैमानिकाचे शिक्षण : आधी काय, मग काय

कोयना प्रकल्पाच्या कामानिमित्त येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५५ च्या सुमारास कऱ्हाडजवळ जी धावपट्टी बांधली, तिच्यावरून पुढे शिकाऊ वैमानिकांची लहान विमानेही उडू लागली. आणि कृष्णाकाठच्या ज्या घरांत मुलांच्या भवितव्याचा विचार ऊस, हळद, द्राक्षे, सरकारी नोकरी, किंवा फार तर वैद्यकी आणि इंजिनिअरी यांच्यापलीकडे सहसा जात नसे, त्या घरांतही ‘मला वैमानिक व्हायचे आहे’ हे वाक्य आता कानी पडू लागले आहे. ते ऐकून काही वडीलधारे हसून विषय टाळतात, तर काही त्याच आठवड्यात सातबाऱ्याचा उतारा काढून बँकेची वाट धरतात. दोघांचीही घाई सारखीच अनाठायी आहे. हा व्यवसाय सातारा-सांगलीच्या मुलामुलींच्या आवाक्याबाहेरचा नाही. परंतु त्याच्या शिक्षणाला एक क्रम आहे, आणि तो क्रम उलटा लावल्यामुळे, म्हणजे पैसा आधी भरून पात्रतेची चौकशी मागाहून केल्यामुळे, कुटुंबेच्या कुटुंबे कर्जात अडकतात. तो क्रम उलगडून सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पदवी विद्यापीठ देते आणि परवाना सरकार देते. या दोन वस्तू एकमेकींपासून सर्वस्वी स्वतंत्र आहेत. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले डीजीसीए, हे खाते देते, आणि त्याच्या अटी १९३७ च्या विमान नियमांत नमूद आहेत. उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे, भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेऊन तो बारावी उत्तीर्ण असावा, पहिल्या वर्गाच्या वैद्यकीय तपासणीत तो योग्य ठरावा, लेखी परीक्षा त्याने पार कराव्यात, आणि किमान २०० तासांचे उड्डाण त्याच्या लॉगबुकात रीतसर नोंदलेले असावे, अशा या अटी असून त्यांत पदवीचा उल्लेख कोठेही नाही. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांनीही निराश होण्याचे कारण नाही, कारण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत भौतिकशास्त्र आणि गणित एवढेच दोन विषय वेगळे उत्तीर्ण होण्याचा मार्ग त्यांना मोकळा आहे.

मग विद्यापीठाशी संलग्न अशा उड्डाणविद्यालयाचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. महाराष्ट्रात अशी सोय अगदीच नाही असे नव्हे. एनएमआयएमएस या अभिमत विद्यापीठाच्या नावाने धुळे जिल्ह्यात शिरपूर येथे उड्डाणप्रशिक्षणाची अकादमी चाललेली आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाने मुंबई विद्यापीठाच्या विज्ञान पदवीचे शिक्षण आणि वैमानिकाचे शिक्षण यांची सांगड घातली, आणि जुहूच्या आकाशात गर्दी वाढल्यावर प्रत्यक्ष उड्डाणाचे शिक्षण धुळ्यास नेले. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीतही परवान्याच्या जोडीने पदवी घेता येते. अमेरिकेत मात्र विद्यापीठीय उड्डाणशिक्षणाला कायद्यानेच वेगळे मोल दिलेले आहे. तेथे प्रवासी विमानकंपनीत दाखल होण्यापूर्वी सामान्यतः १५०० तासांचा अनुभव लागतो, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानविद्येची पदवी व उड्डाणशिक्षण एकत्र घेतलेल्यास ती मर्यादा १००० तासांपर्यंत खाली येते. भारतात अशी सवलत नाही. म्हणून ‘पदवीसह वैमानिक’ अशी जाहिरात वाचून जो पालक अधिक शुल्क भरावयास निघतो, त्याने आपण कशाचे पैसे देत आहोत हे स्वतःस विचारून पाहावे.

याचा अर्थ पदवी निरुपयोगी आहे असा मात्र कोणी करू नये. विमानकंपन्यांचा धंदा मोठा चंचल आहे. २०१२ साली किंगफिशर बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली, आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक एका रात्रीत नोकरीच्या बाजारात आले, आणि २०० तासांच्या नवख्या उमेदवारांची रांग तेवढीच मागे सरली. अशा काळात दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी हाताशी असणे ही मोठीच तजवीज होय. ती पदवी विमानविद्येचीच असावी असा आग्रह कशाला? शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून, किंवा १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, उड्डाणाच्या शिक्षणाच्या जोडीनेच अल्प शुल्कात पदवी पुरी करता येते. देवराष्ट्रे येथे जन्मून कऱ्हाडास वाढलेल्या ज्या पुरुषाच्या नावाने ते विद्यापीठ उभे आहे, त्याच्याच मुलखातील विद्यार्थ्यांनी या सोयीकडे पाठ फिरवावी हे योग्य नव्हे.

आता पायऱ्यांकडे वळू. पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची, आणि तिच्या आधी कोणत्याही संस्थेस एक रुपयाही बयाणा म्हणून देऊ नये. महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून प्रथम दुसऱ्या वर्गाची तपासणी करून घ्यावयाची असते, आणि त्यानंतर मान्यताप्राप्त केंद्रावर पहिल्या वर्गाची. दुसऱ्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर शिक्षणास आरंभ करता येतो, आणि म्हणूनच अनेक संस्था तेवढ्यावरच प्रवेश उरकून घेतात. परंतु व्यावसायिक परवान्यास पहिलाच वर्ग लागत असल्यामुळे सुज्ञाने दोन्ही तपासण्या शुल्क भरण्यापूर्वीच आटोपाव्यात. चष्मा असणे ही स्वतःहून अपात्रता नाही. चष्म्यासह दृष्टी ठरावीक मर्यादेत येत असल्यास मार्ग बंद होत नाही. रंग ओळखण्याची शक्ती, श्रवणशक्ती, हृदयाचा आलेख, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांची मात्र कसून परीक्षा होते. ‘तात्पुरता अयोग्य’ असा शेरा मिळाल्यास उपचार घेऊन पुन्हा तपासणीस जाता येते, हे माहीत नसल्यामुळे कित्येक उमेदवार पहिल्याच शेऱ्याने खचतात. पूर्वी झालेले आजार, शस्त्रक्रिया किंवा घेतलेली औषधे लपवू नयेत. कारण अशी लपवाछपवी नोकरीच्या ऐन भरात उघडकीस आली, तर परवाना आणि अब्रू ही दोन्ही एकदमच जातात.

दुसरी पायरी लेखी परीक्षांची. हवाई नियम, हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, विमान व इंजिन यांचे सामान्य तांत्रिक ज्ञान, आणि ज्या विमानावर शिकावयाचे त्याचे विशेष तांत्रिक ज्ञान, असे हे विषय असून प्रत्येकात किमान ७० टक्के गुण मिळवावे लागतात. त्यांच्या जोडीला रेडिओवरून बोलण्याचा स्वतंत्र परवाना लागतो, आणि त्याची तोंडी परीक्षा भल्याभल्यांना थांबवून ठेवते. या परीक्षांची तयारी घरी राहून, किंवा पुण्या-मुंबईच्या ग्राउंड क्लासला बसून, उड्डाणाच्या खर्चाच्या मानाने अत्यल्प खर्चात होऊ शकते. आणि निदान दोन-तीन विषय पदरात पडल्याखेरीज उड्डाणसंस्थेत पाऊल टाकू नये, असा माझा सल्ला आहे. ज्याला हे विषय कंटाळवाणे वाटतात, त्याला पुढचे आयुष्यही कंटाळवाणेच वाटणार, कारण प्रवासी विमानाच्या वैमानिकाचा दिवस इंधनाचा हिशेब, वजनाचा तक्ता, हवामानाचे पत्रक आणि चेकलिस्ट यांतच प्रामुख्याने जातो. साहसाची हौस भागविण्यासाठी या व्यवसायात येऊ नये. येथे मान मिळतो तो शिस्तीला आणि नोंदीला.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजीची धास्ती वाटते, आणि ती निराधार नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे भाषेची किमान चौथी पातळी परवान्यासाठी आवश्यक आहे. परंतु तेथे अलंकारिक इंग्रजीची अपेक्षा नसून ठरलेले शब्द ठरल्या क्रमाने, स्पष्ट आणि संथपणे उच्चारणे, व नियंत्रकाचा आदेश जसाच्या तसा परत म्हणून दाखविणे, एवढेच अपेक्षित असते. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करण्याचा परिपाठ अकरावीपासून ठेवला, तर ही अडचण वर्षभरात पुष्कळ अंशी दूर होते.

हवामानशास्त्राच्या बाबतीत तर या दोन जिल्ह्यांच्या विद्यार्थ्यांस निसर्गाने घरबसल्या प्रयोगशाळाच दिली आहे. महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तोच वारा घाट ओलांडून माण, आटपाडी, जत या तालुक्यांत पोहोचेपर्यंत इतका कोरडा होतो की तेथे पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. डोंगराच्या वाऱ्याकडील बाजूस ढग का साचतात आणि आडोशाच्या बाजूस ते का विरतात, हा पुस्तकातील धडा एस.टी.च्या एका प्रवासात डोळ्यांनी पाहता येतो. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तेथील वाऱ्यामुळे, आणि डोंगरमाथ्यावरचा हाच वारा आडोशाच्या बाजूस खाली उतरताना लहान विमानास हेलकावे देतो. हिवाळ्यात पहाटे कृष्णेच्या काठाने धुके पसरते, आणि सकाळचे उड्डाण ऊन पडेपर्यंत खोळंबते.

आणखी एक उदाहरण देतो. कऱ्हाडची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फूट आहे, आणि या उंचीवर प्रमाण मानलेले तापमान सुमारे ११ अंश सेल्सिअस येते. एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला, तर प्रमाण तापमानाहून वाढलेल्या दर अंशामागे सुमारे १२० फूट या हिशेबाने विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जवळजवळ सव्वापाच हजार फुटांवर जाते; म्हणजे महाबळेश्वरच्या सर्वोच्च टोकाहूनही विरळ हवेतून विमानास उठावे लागते. इंजिनाची शक्ती घटते, पंखांचा आधार कमी होतो, आणि धावपट्टी आहे तेवढीच राहते. उन्हाळ्यात उड्डाणे भल्या पहाटे का ठेवतात आणि दुपारी दोघांना घेऊन पूर्ण टाकीनिशी का उडू नये, याचे उत्तर या एका गणितात आहे. ज्या विद्यार्थ्यास हे गणित मांडण्यात रस वाटतो, तो योग्य मार्गावर आहे असे समजावे.

तिसरी पायरी संस्थेच्या निवडीची. साताऱ्याहून फलटणमार्गे गाठता येणाऱ्या बारामतीच्या विमानतळावर ‘ॲकॅडमी ऑफ कार्व्हर एव्हिएशन’सारख्या संस्था आहेत, गोंदियाजवळ बिरसी येथे विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, नागपुरात फ्लाइंग क्लब आहे, आणि अमरावतीजवळ बेलोरा येथे वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी अकादमी काढण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले आहे. सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. परंतु चर्चेतील धावपट्टीवर विमान उतरत नसते, तेव्हा आपल्या गावी सोय होईल या आशेवर वर्षे दवडू नयेत. संस्था जवळ असणे हा गुण खरा, पण दुय्यम. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्या यादीत संस्थेची मान्यता आजमितीस अमलात आहे काय हे प्रथम पाहावे, आणि २०२५ पासून संस्थांची जी प्रतवारी प्रसिद्ध होऊ लागली आहे तीही पाहावी. नंतर मात्र स्वतः जाऊन दोन दिवस त्या ठिकाणी मुक्काम करावा, आणि कचेरीपेक्षा हँगरमध्ये अधिक वेळ घालवावा.

तेथे पुढील गोष्टींची चौकशी निःसंकोचपणे करावी. विद्यार्थी किती आणि त्या दिवशी उड्डाणास योग्य अशी विमाने किती? कागदावर दहा विमाने असून चार दुरुस्तीसाठी उभी असतील, तर हिशेब सहांचाच धरावा. शिक्षक किती, आणि गेल्या वर्षभरात किती सोडून गेले? जुन्या विद्यार्थ्यांनी मागील सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती तास उड्डाण केले? हे त्यांच्या तोंडी शब्दावर न सोडता लॉगबुकात दाखवावयास सांगावे. रात्रीच्या उड्डाणाची व दोन इंजिनांच्या विमानाची सोय त्याच ठिकाणी आहे, की त्यासाठी अन्यत्र जावे लागून वेगळा खर्च येतो? पावसाळ्यात काम किती दिवस बंद राहते? संस्थेचा कारभारी या प्रश्नांनी नाराज झाला, तर ती नाराजी हेच उत्तर समजून परतावे. कारण शिक्षण लांबण्याचे मूळ बहुधा विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसून उपलब्ध विमानांच्या तुटवड्यात असते, आणि दीड वर्षाचे म्हणून सांगितलेले शिक्षण त्यापायी अडीच वर्षांपर्यंत रेंगाळू शकते.

चौथी पायरी प्रत्यक्ष उड्डाणाची. २०० तासांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून उडवावे लागतात. त्यांत किमान २० तास दूरच्या प्रवासाचे असावेत, आणि त्यांपैकी एक प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेला असावा. रात्रीचे पाच तास, आणि त्यांत दहा वेळा चढणे व दहा वेळा उतरणे, हेही आवश्यक आहे. बाहेर काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे किमान १० तास परवान्यास पुरतात. परंतु विमानकंपन्यांना उपकरण-उड्डाणाचे स्वतंत्र प्रमाणपत्र हवे असते, आणि त्यास असे ४० तास लागतात, ज्यांतील काही भाग सिम्युलेटरवर करता येतो. प्रवेशाच्या करारात हे सर्व एकाच शुल्कात आहे की नाही, हे नीट वाचावे. प्रत्येक उड्डाणानंतर त्याच दिवशी लॉगबुक भरून शिक्षकाची सही घेण्याचा नियम स्वतःस घालून घ्यावा. खोटे तास लिहून घेण्याचा मोह कोणी दाखविलाच, तर तो ठामपणे नाकारावा; असा प्रकार उघडकीस आल्यास परवाना तर जातोच, शिवाय फौजदारी गुन्ह्याला तोंड द्यावे लागते, आणि न उडविलेल्या तासांची किंमत एखाद्या वादळी रात्री मागे बसलेल्या प्रवाशांस मोजावी लागते.

पाचवी गोष्ट पैशाची. ती मुद्दामच येथवर मागे ठेवली. देशातल्या देशात या शिक्षणास पन्नास लाखांच्या मागेपुढे खर्च येतो, आणि परवाना मिळाल्यावर एअरबस किंवा बोइंगसारख्या विशिष्ट विमानाच्या टाइप रेटिंगसाठी आणखी काही लाख लागतात. साडेसात लाखांपलीकडच्या शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात, म्हणजे आपल्याकडे बहुधा जमीन किंवा राहते घर गहाण पडते. दहा टक्के व्याजाने पन्नास लाख घेतले आणि शिक्षणाची दोन वर्षे केवळ साधे व्याज साचत गेले असे धरले, तर फेडीस आरंभ करताना साठ लाख देणे होते, आणि दहा वर्षांच्या मुदतीत ते फेडण्यास दरमहा सुमारे ७९ हजारांचा हप्ता बसतो. नोकरी लागण्यास वर्ष-दीड वर्ष लागले तर हा हप्ता कोण भरणार, याचे उत्तर घरातील सर्वांनी एकत्र बसून, शक्य तर लेखी, ठरवावे. संपूर्ण रक्कम एकरकमी आगाऊ कधीही देऊ नये. जितके तास उडाले तितका हप्ता, आणि शिक्षण अर्धवट राहिल्यास उरलेल्या रकमेचा परतावा किती दिवसांत, ही दोन कलमे करारात घालून घ्यावीत व प्रत्येक पावती जपून ठेवावी. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांतील विद्यार्थ्यांनी नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे, कारण तिने नागपूर फ्लाइंग क्लबाच्या द्वारे व्यावसायिक वैमानिकाच्या प्रशिक्षणाची योजना राबविली आहे. परदेशी शिकून वेळ वाचविण्याचा विचार करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, तेथील परवान्याचे येथे रूपांतर करून घेताना महासंचालनालयाच्या परीक्षा आणि वैद्यकीय अट चुकत नाहीत.

ज्यांच्या घरी हा भार पेलणारा नाही, परंतु मुलाची किंवा मुलीची कुवत खरोखर आहे, त्यांनी लष्करी मार्गाचा विचार अवश्य करावा. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा बारावीच्या वयातच देता येते, आणि हवाई दलात निवड झाल्यास उड्डाणाचे शिक्षण सरकारच देते. त्या मार्गात सेवेचे बंधन आहे आणि स्पर्धाही तीव्र आहे. तथापि कर्ज नाही. मुलींच्या पालकांना मागेपुढे पाहण्याचे तर काहीच कारण उरलेले नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिलचर या मार्गावर इंडियन एअरलाइन्सचे फॉकर विमान केवळ स्त्री-वैमानिकांनी नेले, तेव्हा त्याच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या.

शेवटी एवढेच सांगावयाचे की, वर दिलेल्या क्रमात प्रत्येक पायरीवर थांबण्याची मोकळीक आहे, आणि तोच त्याचा खरा लाभ होय. वैद्यकीय तपासणीत कायमची अपात्रता आली तर काही हजार रुपये खर्ची पडतात. लेखी परीक्षा जमल्या नाहीत तर एक वर्ष जाते, पण बारावीच्या विज्ञानाचा पाया आणि चालू असलेली पदवी शाबूत राहते. संस्था पसंत पडली नाही तर दुसरी पाहता येते. क्रम उलटा लावणाऱ्यास मात्र माघारीचा रस्ता गहाणखताने बंद केलेला असतो. म्हणून बारावीचा निकाल हाती येताच पहिला अर्ज वैद्यकीय तपासणीचा करावा, दुसरा पदवीच्या प्रवेशाचा, आणि तिसऱ्या, म्हणजे उड्डाणसंस्थेच्या, अर्जापूर्वी हवामानशास्त्राचे पुस्तक एकवार साद्यंत वाचून काढावे. बँकेकडे जाणे त्यानंतरचे. आणि तेव्हाही संस्थेचा करार वकिलास दाखविल्याशिवाय त्यावर सही करू नये.